जितेशचा दात कुणी पाडला

१८ जून, मंगळवार

आणि वर ती म्हणते, शकूने नवऱ्याला वेळेवर आवरला असता तर माझ्या पोराचा दात राहिला असता. म्हणजे दात पाडणारा राहिला बाजूला, पाडून घेणारा राहिला बाजूला, आणि दोष माझा. मी तिथे नव्हते सुद्धा. मी मागच्या दारी सुक्या बोंबलाची पिंपं पुसत होते. पावसात दमट झालं की बुरशी धरते, ती काय ज्ञानेश्वरी येऊन काढणार आहे? ज्ञानेश्वरी माझी मोठी जाऊ. तिला कोणी काही बोलत नाही, म्हणून तिचं तोंड थांबत नाही. काल नळावर सांगून झालं, आज दुकानात आणि देवळात. दुपारी सातपाटीची एक बाई मला विचारते, भावोजींचं डोकं आता कसं आहे. खाडीपलीकडे पोचलंसुद्धा.

झालं ते असं. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस आहेत, बोटी वर ओढलेल्या, पुरुष घरी. रविवारी जितेशच्या ओट्यावर तिघं फोन घेऊन बसले होते. आमचे हे, पुतण्या जितेश आणि मिथुन खलाशी. चौथा जितेशचा दोस्त मेहुल, तो बोईसरला आपल्या घरी बसून खेळतो. बंदुकीचा गेम आहे. चौघांनी एका बेटावर उतरायचं, बाकीच्यांना गोळ्या घालायच्या, शेवटी जे उरतील ते जिंकले. खेळता खेळता हे एकदम उठले आणि ज्या हातात फोन होता त्याच हाताने जितेशच्या तोंडावर दिली. समोरचा दात अर्धा तुटला. फोनची काच पण फुटली. कोणी कोणाला शिवी दिली नव्हती, असं तिघंही सांगतात.

हे चोपन्न वर्षांचे आहेत. बावीस वर्षं आमच्या बोटीचे तांडेल, सुकाणू ह्यांच्याच हातात. सात माणसं ह्यांच्या शब्दावर उठतात बसतात. लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्यावर कधी हात टाकला नाही. मीच एकदा पाट फेकून मारला होता, ते सोडा.

पालघरला सपनाला फोन केला. मुलगी माझी, दवाखान्यात नर्स आहे. तिला सांगितलं, हा गेमच माणसाला बिघडवतो, तू तुझ्या डॉक्टरला विचार. ती म्हणते, "आई, असं हवेत बोलू नकोस. कधी खेळतात, कधी चिडतात, रोज लिहून ठेव. मग बघू." म्हणून ही तिची जुनी वही काढली. मी चौथीपर्यंत गेलेली बाई. पण मला लिहिता येतं आणि मला दिसतं.

१९ जून, बुधवार

खेळले. दोन तास. राग नाही. जेवले.

२० जून, गुरुवार

सकाळी आणि दुपारी खेळले. राग नाही. डाळ खारट झाली होती तरी काही बोलले नाहीत. मला वाटलं बोलतील.

२१ जून, शुक्रवार

आज ठरवलं, रोगाचं मूळच उपटायचं. ते अंघोळीला गेले तेव्हा फोन करंदीच्या पिंपात खाली घालून ठेवला, वर चार वीत सुकट. सगळं घर शोधलं. मी म्हटलं, मला काय माहीत.

२२ जून, शनिवार

खेळले नाहीत. राग आला. आधी माझ्यावर, मग दारातल्या कुत्र्यावर, मग ताडपत्री नीट बांधली नाही म्हणून मिथुनवर. मिथुन बिचारा चार पोरांचा बाप, विक्रमगडकडून आठ वर्षं आमच्याकडे येतो. मान खाली घालून पुन्हा बांधायला लागला. दुपारी हे बोटीजवळ जाऊन बसले. बोट चिखलात वर ओढलेली, तिच्याकडे बघत बसले. पाऊस आला तरी उठले नाहीत. मी छत्री घेऊन गेले तर म्हणाले, जा.

२३ जून, रविवार

खेळले नाहीत. दोन घास जेवले. बोलले नाहीत. बोटीजवळ.

२४ जून, सोमवार

मला कळेना. फोन काढून घेतल्यावर माणूस सुधारायला पाहिजे ना? हा तर जास्त बिघडला. शेवटी पिंपातून फोन काढला, पुसला, उशीखाली ठेवला. त्यांनी हातात घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, "करंदीतून काढलास? बोंबलात ठेवला असता तर कायमचा गेला असता." मग बसले खेळत. राग नाही. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सपनाला हे सांगितलं तर ती म्हणते, व्यसनात असंच होतं आई, दारू सोडवली की माणूस चिडतो. म्हणजे खेळले आणि चिडले तरी गेम वाईट, नाही खेळले आणि चिडले तरी गेम वाईट. असं असेल तर वही कशाला लिहायला लावलीस?

२७ जून, गुरुवार

आज मुद्दाम शेजारी जाळं शिवायला बसले आणि सगळा गेम बघितला. हातातली सुई तशीच राहिली.

रक्त असतं, पण हिरवट असतं. का ते विचारलं तर म्हणाले, तसं ठेवता येतं. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही. गुडघ्यावर येतो, रांगतो. त्याला म्हणतात नॉक झाला. तेवढ्यात आपल्यातला कोणी त्याच्याजवळ जाऊन बसला, थोडा वेळ हात लावून थांबला, तर तो उठतो. त्याला हे लोक रिवाय म्हणतात. कोणी गेलं नाही तर तो तिथेच संपतो.

आमचे हे एवढ्या वर्षांचे तांडेल, पण गेममध्ये अगदी ढ. दिवसभरात एक माणूस मारला, तो पण पाण्यात पोहत होता. गोळ्या चुकतात, गाडी झाडावर घालतात. पण कोणी रांगायला लागला की बंदूक टाकून त्याच्याकडे पळतात. समोरून गोळ्या येतात, तरी जातात. आणि बहुतेक वेळा स्वतःच मरतात. मेहुल फोनमधून ओरडतो, "चाचा, मत आओ, मरोगे." तरी जातात. मिथुनपण त्यांना हसतो, पण आपण पडला की सगळ्यात आधी "काका, काका" करतो.

मग ह्यात मारामारी शिकण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. बंदूक आहे, मेलेली माणसं आहेत, हे तर खरं. पण आमचे हे त्यात मारतच नाहीत.

१ जुलै, सोमवार

सुकं विकायला बोईसरला गेले होते. टोपली शेजारणीला सांभाळायला दिली आणि स्टेशनजवळच्या डॉक्टरकडे शिरले. डोक्याचा डॉक्टर आहे. बाहेर दीड तास बसवलं. शेजारी बाकड्यावर तारापूर कॉलनीतली एक साहेबीण होती, तिचा पोरगा खाली मान घालून फोनवर तेच करत होता. आवाजावरून ओळखलं मी.

डॉक्टरला वही दाखवली. त्याने सगळी वाचली, हसला नाही, ते बरं केलं. मी म्हटलं, एका शब्दात सांगा, ह्या गेमने माणूस मारकुटा होतो की नाही. तर तो म्हणतो, काही अभ्यास सांगतात की थोडा वेळ राग वाढतो, काही सांगतात की वाढत नाही, आणि खेळणारे लाखो असतात, त्यातले दात पाडणारे थोडे. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, गिऱ्हाइकाने मासा ताजा की शिळा विचारलं तर मी असं सांगते का, की काही म्हणतात ताजा, काही म्हणतात शिळा?

मग तोच मला विचारायला लागला. झोप कशी लागते, जेवण कसं आहे, खेळायला कधीपासून लागले. मी म्हटलं, शिमग्यानंतर. त्याआधी फोन फक्त बोलायला. तेव्हा काही झालं होतं का, म्हणाला. मी म्हटलं, काही नाही. बोटीवरचा एक खलाशी गेला होता, भिका म्हणून, मिथुनच्याच पाड्यातला. जाळं सोडताना दोरी पायात अडकली आणि पाण्यात ओढला गेला. तिसऱ्या दिवशी एडवणच्या किनाऱ्याला लागला. एडवण माझं माहेर, माझ्या भावानेच आधी बघितला. पोलीस आले, कागद झाले. त्याची बायको लाडकी येऊन घेऊन गेली. दर्याचं काम आहे, असं होतं कधी कधी.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, तुम्ही गेमचं विचारा. तो म्हणाला, त्यांना घेऊन या. आता हे काय येतात डॉक्टरकडे? दाढ दुखली तरी लवंग धरून आठ दिवस काढणारा माणूस.

दीड तास फुकट गेला. शेजारणीने माझं सुकं भलत्या भावाने विकून टाकलं होतं.

३ जुलै, बुधवार

मला एकच रस्ता दिसला. मीच खेळून बघणार. मला राग आला तर गेम खोटा, नाही आला तर नवरा खोटा.

५ जुलै, शुक्रवार

हे बोटीला डांबर लावायला गेले की फोन घरी असतो. काल आणि आज खेळले. काल उतरल्या उतरल्या मेले, सहा वेळा. बोटं भलतीकडे जातात. कोयत्याने घोळ मासा अर्ध्या मिनिटात साफ करणारी बाई मी, आणि एवढं बटण दाबता येईना. राग आला, पण स्वतःचाच.

आज जमलं थोडं. मेहुलला माझा श्वास ऐकू गेला वाटतं.

"चाचा?"

"चाचा नाही, चाची हूँ. किधर जाने का बोल."

तो गप्पच झाला. मग म्हणाला, "चाची, पीछे देखो, घर के पीछे." मी वळले आणि मारला. मग दुसरा. मग खिडकीतला एक. तीन. मेहुल म्हणतो, "चाची, आप तो खतरनाक हो." मी म्हटलं, "हमको मालूम है."

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. अंगातून मुंग्या गेल्यासारखं झालं. चहा केला तो पण छान झाला.

९ जुलै, मंगळवार

रोज खेळते. ह्यांना कळलं आहे. काल मागे येऊन उभे होते, मला माहीत नव्हतं. मी, जितेश आणि मेहुल खेळत होतो. जितेश आता ह्यांच्याबरोबर खेळत नाही, माझ्याबरोबर खेळतो, समोरचा दात अर्धाच असल्यामुळे बोलतो मात्र बोबडं. मेहुल पडला, रांगायला लागला, "चाची, चाची" करायला लागला. मी त्याच्या बाजूने पळत पुढे गेले. पुढे झोन लहान होत होता, बाहेर राहिलं की आपोआप मरतो.

हे मागून म्हणाले, "तू पडलेल्याला उचलत नायस."

मी म्हटलं, "उचलायला थांबलं तं आपण पण मरतो. एकापायी तिघांना मारायचं काय?"

ह्यांनी लगेच चपला घातल्या आणि गेले. दोन तासांनी आले, गुडघ्यापर्यंत चिखल. जेवायला वाढलं तर म्हणाले भूक नाही. आता मी काय वाईट बोलले? गेमच तो. ह्यांना राग आला असं लिहू की नाही, कळत नाही. ओरडले नाहीत, पण जेवले नाहीत. लिहिते: खेळले नाहीत. मी खेळले. राग, बहुतेक.

११ जुलै, गुरुवार

बोईसरच्या बाजारात भांडण झालं. एक बाई आली, दहा बोंबलांची डोकी मोडून बघितली आणि नको म्हणून निघाली. मी तिची पिशवी धरली आणि मोडलेली सगळी डोकी तिच्या भाजीत टाकली. ती ओरडली, मी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. पोलीस येऊन गेला.

मला एकदम वाटलं, चढला की काय मला गेम. शेजारी बसते ती हिना, तिला विचारलं, मी अलीकडे जास्त चिडते का ग. ती म्हणाली, "अलीकडे? मावशी, दोन वर्षांपूर्वी तू त्या हवालदाराच्या बायकोच्या डोक्यावर टोपली उलटी केली होतीस."

तेव्हा गेम नव्हता. म्हणजे माझ्यावरून काही सिद्ध होत नाही. मी मुळातच तशी. आठ दिवस बोटं दुखवून घेतली ती वाया. तरी उद्या खेळणार आहे. मेहुलला सांगितलं आहे मी येते म्हणून.

१४ जुलै, रविवार

आज थोरले दीर आले. मारुतीदादा. ओट्यावर बसले, पाणी घेतलं, चहा नको म्हणाले तेव्हाच मला कळलं. मागे ज्ञानेश्वरी पदर तोंडाला लावून, जणू मयताला आली आहे.

बोट दोघा भावांची. दादांनी सांगितलं, एक तारखेला बोटी निघतील, या वर्षी तांडेल जितेश. दम लागेपर्यंत इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले,

"डोकं फिरलेल्या माणसाच्या हातात सात जणांचा जीव कसा देऊ? तो गेम त्याच्या डोक्यात गेला हाय. सगला गाव बोलतो."

मी म्हटलं, दादा, तोच गेम तुमचा जितेश पण खेळतो. तीन वर्षं झाली त्याला, ह्यांना चार महिने. त्याच्या डोक्यात का नाही गेला? ज्ञानेश्वरी म्हणाली, आमचं पोरगं खेळ म्हणून खेळतं, म्हाताऱ्याला सोसत नाय. मी म्हटलं, बाय, मी पण खेळते, दिवसाला पाच सहा मारते, तुझ्या अंगाला कधी हात लावला का? ती थोडी मागे सरकली. उगाच सांगितलं असं आता वाटतं.

हे भिंतीला टेकून बसले होते. बावीस वर्षांचं सुकाणू हातातून काढून घेतायत आणि हा माणूस हूं नाही की चूं नाही. दादा विचारतात, "कृष्णा, तुजं काय म्हननं?" तर म्हणतात, "बराबर हाय तुजं."

ते गेल्यावर मी ह्यांना खूप बोलले. ते कोपऱ्यातल्या जाळ्याची गाठ सोडवत बसले.

मला तर आता असं झालं आहे, की देवा, गेमच वाईट निघू दे. गेम वाईट निघाला तर फोन खाडीत टाकते, दादांच्या पाया पडते, आणि ह्यांना पुन्हा बोटीवर चढवते. सोपं आहे. पण वही उघडली की वही दुसरंच सांगते.

१६ जुलै, मंगळवार

मिथुनला धरला. जाळं शिवायला आला होता. मागच्या दारी बसवून चहा, भाकरी, तळलेला बांगडा दिला आणि विचारलं, त्या दिवशी ओट्यावर काय झालं ते पहिल्यापासून सांग, गेमसकट. आधी म्हणाला, काय नाय काकी, असंच. मी बांगड्याची दुसरी तुकडी हातात धरून ठेवली.

मग बोलला. गेममध्ये मिथुनच पडला होता. नदीच्या काठाला, रांगत होता. हे त्याच्याकडे पळायला लागले. जितेश म्हणाला, "सोड काका, गेला तो. पुढं चल." हे थांबले. फोनकडे बघत राहिले. मग उठले आणि दिली.

मी म्हटलं, एवढंच? एवढ्यासाठी दात? हे तर गेममध्ये सगळेच बोलतात. मी पण बोलते.

मिथुन खाली बघत म्हणाला, "तवा बी तसाच बोल्ला ना तो. भिकाच्या येलेला."

आणि जीभ चावली. पुढे कितीही विचारलं तरी नाही. बांगडा पण ठेवून गेला. आमच्या सासऱ्यांनी घालून दिलेली रीत आहे, बोटीवरचं बोटीवर ठेवायचं. कोण कोणाला काय बोललं, कोण चुकलं, ते किनाऱ्याला पाय लागला की संपलं. नाही तर भाऊ भावाबरोबर बोटीवर चढणार नाही, असं ते म्हणायचे. तीस वर्षांत ह्यांनी कधी घरी येऊन बोटीवरची एक गोष्ट सांगितली नाही. मी पण विचारली नाही. मला तर ही रीत बरीच वाटायची.

२० जुलै, शनिवार

चार दिवस गप्प बसले. मला गप्प बसायला किती त्रास होतो ते ज्ञानेश्वरीलाच विचारा. आज भर दुपारी ह्यांच्या समोर बसले, फोन काढून माझ्या मांडीखाली ठेवला आणि विचारलं. भिका पडला तेव्हा जितेश काय बोलला?

त्यांनी पाय जवळ घेतले. मग म्हणाले, "दर्यावरची गोष्ट हाय ती."

मी म्हटलं, आता ती ओट्यावर आली आहे. अर्धा दात पडून आली आहे.

तेव्हा सांगितलं. तुकड्या तुकड्यांत सांगितलं, मी इथे जोडून लिहिते. इंजिनावर जितेश होता. भिका गेल्याबरोबर हे ओरडले, बोट फिरव. जितेश म्हणाला, जाळं सगळं पाण्यात आहे, फिरवली तर दोर पंख्यात जाईल, बोट बंद पडेल, वारं असलं, सगळेच जाऊ. सोड काका, गेला तो. ह्यांना भिकाचं डोकं दिसत होतं. एकदा हात पण दिसला. तांडेल हे. ह्यांनी पुन्हा फिरव म्हटलं असतं तर जितेशने फिरवली असती.

"मी बारा मिन्टं त्याचं आयकलं," म्हणाले. "मग दोर तोडला आनि फिरवली. तवा नव्हता."

मी विचारलं, आधीच फिरवली असती तर दोर पंख्यात गेला असता का? म्हणाले, गेला असता. नसता पण गेला. माहीत नाही. मी विचारलं, मग चूक कोणाची? म्हणाले, तांडेलाची. मग जितेशला का मारलं? त्यांनी हात पुढे केला. फोन मागत होते. मी दिला.

बसले खेळत. मी बघत राहिले. कोणीतरी पडला, हे पळाले, जाऊन टेकले त्याच्याजवळ. उठला तो. ह्यांनी मोठा श्वास सोडला आणि पुन्हा पळायला लागले.

आता मी वहीत काय लिहू? खेळले. राग? गेम नसता तर जितेश ते शब्द दुसऱ्यांदा बोलला नसता, दात राहिला असता. म्हणजे गेम वाईट. पण गेम नसता तर हा माणूस चार महिने बोटीजवळ चिखलात बसला असता, जसा त्या तीन दिवसांत बसला. मग कदाचित पुढे पण गेला असता, पाण्यात. म्हणजे गेम चांगला? बंदुका, रक्त, ओरडा, सगळं खोटं आहे आणि सगळं खरं आहे. गेमने बिघडवलं असतं तर फोन काढून घेतला असता. आता ह्यांच्याकडून काय काढून घेऊ?

आणि मी? त्या दिवशी हे पाठीमागे उभे होते तेव्हा मी काय बोलले ते वर लिहिलेलं आहे. खोडणार होते. सपना म्हणाली होती, खोडायचं नाही.

२२ जुलै, सोमवार

डोकं चालत नाही. खेळले नाही. मेहुलचा निरोप आला, चाची कुठे आहे.

ज्ञानेश्वरी नळावर सांगत होती, कृष्णा भावोजींना गेमने खाल्लं. मी हंडा भरला आणि आले. भांडले नाही. नळावरच्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत राहिल्या.

२५ जुलै, गुरुवार

आज मारुतीदादांना चिठ्ठी लिहिली. मला बोलायला लागलं की आवाज चढतो, म्हणून लिहिली. जितेशच्या हातात दिली आणि म्हटलं, तुझ्या बापाला वाचून दाखव, मोठ्याने. त्याने तिथेच उघडली. तोंड पांढरं झालं. काकी, म्हणाला. मी म्हटलं, वाचून दाखव. पोरगा वाईट नाही, हे मला माहीत आहे. त्याला पण झोप लागते की नाही, कोणी विचारलं आहे? मी पण नाही विचारलं.

चिठ्ठीत लिहिलं ते इथे उतरवून ठेवते, म्हणजे कोणी नंतर फिरवायला नको.

"मारुतीदादांस शकूचा नमस्कार. तांडेल तुम्ही जितेशला करा नाही तर आणखी कोणाला करा, माझं काही म्हणणं नाही. ह्यांना बोटीवर जायची इच्छा आहे की नाही हेच मला कळत नाही. पण गेममुळे डोकं फिरलं म्हणून काढलं, असं गावात सांगायचं नाही. गेम मी सव्वा महिना तपासला. त्याने केलं की नाही ते मला सांगता येत नाही, डॉक्टरला पण सांगता आलं नाही. शिमग्यानंतर भिका पाण्यात गेला तेव्हा बोटीवर कोण काय बोललं, ते जितेशला माहीत आहे आणि ह्यांना माहीत आहे. ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगायचं, दोघांनी. सासऱ्यांची रीत मोडते, मोडू दे. ते असते तर त्यांच्यासमोर पण मोडली असती.

मिथुनच्या हाती मी पाड्यावर निरोप पाठवला आहे. लाडकी रविवारी येते. तिला आपण सांगितलं होतं की भिका पडला तो पुन्हा दिसलाच नाही. ती सकाळच्या एसटीने येईल, दहा वाजता माझ्या ओट्यावर असेल. मी तिला जेवायला घालणार आहे. तिने मला विचारलं की तिचा नवरा किती वेळ पाण्यावर दिसत होता, तर मी काय सांगू, ह्याचं उत्तर मला तुमच्याकडून शनिवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे. नाही आलं तर ह्यांनी मला जे सांगितलं ते मी सांगेन."

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. बाहेर ओट्यावर बसलेत. खेळत नाहीत. फोन शेजारी पडला आहे, त्यातून कोणीतरी काका, काका करतो आहे.